उजवीकडचा सहावा

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बत्तीस-बत्तीस दात जागच्या जागी ठेवलेत मी. तुझी बारा झाडं ठेवता येणार नाहीत होय?" असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाच खरं तर ताईंनी प्रवास रद्द करायला हवा होता. पण लेकीचे दिवस भरत आले होते, टॅक्सी फाटकात उभी होती आणि सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, सहा महिन्यांपूर्वी दवाखाना बंद करून घरी बसलेले. ताई त्यांच्या थोरल्या बहीण, शेजारच्याच घरात राहणाऱ्या. ताईंच्या पायऱ्यांसमोर एक अर्धगोल वाफा होता आणि त्यात बारा आयरिस. साध्यासुध्या नव्हेत, उंच दाढीवाल्या. कमरेइतका दांडा, त्यावर ओंजळभर फूल, तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि प्रत्येक लोंबत्या पाकळीवर सुरवंटासारखी केसाळ पट्टी. तीच दाढी.

मधल्या दहा एकाच आईच्या लेकी, सगळ्या जांभळ्या. त्यांची कोणाला काळजी नव्हती. काळजी होती ती दोन टोकांची. फाटकाशेजारचं टोक म्हणजे ताईंचा जीव की प्राण. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका जांभळ्या फुलाला एका पिवळ्या फुलाचे पराग स्वतःच्या हाताने, रंगाच्या ब्रशने लावले होते. बी धरलं, रुजलं, वाढलं, पण फुललं मात्र अजून नव्हतं. रंग कोणता येणार, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की ताई म्हणत, "पोटातल्या बाळाचं नाक कसं आहे ते आधी कोणी सांगितलंय का?"

नळाशेजारच्या टोकाला होतं ते फुलमंडळाच्या अध्यक्षबाईंनी भेट दिलेलं. तेही अजून फुललेलं नव्हतं. त्याचा रंग अध्यक्षबाईंना माहीत होता, पण त्या "उमललं की कळेलच" म्हणून हसल्या होत्या. ताईंच्या मते अध्यक्षबाई स्वतःला नको झालेलंच दुसऱ्याला देतात.

"पाट्या लाव ना प्रत्येकीला," डॉक्टरांनी सुचवलं.

"स्वतःच्या लेकरांच्या गळ्यात कोणी पाट्या अडकवतं का? आणि हे बघ, तू काहीही करायचं नाहीस. पाणी नको, खत नको, माती तर मुळीच ओढायची नाही. कंद अर्धा उघडाच हवा, उन्हात पाठ शेकत पडलेला. नुसतं बघायचं."

टॅक्सी गेली. डॉक्टर नुसते बघत उभे राहिले, आणि तिथेच घोटाळा झाला. आल्याच्या गड्ड्यासारखे ते कंद मातीबाहेर अर्धेअधिक उघडे पडले होते. तुम्हाआम्हाला त्यात काही वाटणार नाही. पण मुळावरची हिरडी उतरलेली पाहिली की ज्याच्या पोटात चाळीस वर्षं खड्डा पडत आला, त्या माणसाने काय करावं?

तीन दिवस त्यांनी कळ काढली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे हात इतके शिवशिवायला लागले, की त्यांनी खुरपं घेतलं आणि बाराही कंदांवर माती ओढून थोपटून थोपटून बसवली. माती ओढल्यावर पाणी घालणं आलंच. मग ते रोज सकाळी पाणी घालू लागले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा आठवण केली, "अहो, वन्संनी काही करू नका म्हणून सांगितलंय."

"पेशंटच्या नातेवाइकांचं सगळं ऐकलं असतं ना, तर गावात एकाच्याही तोंडात दात उरला नसता," डॉक्टर म्हणाले.

तीन आठवड्यांनी पानं पिवळी पडली. डॉक्टरांनी वाकून वास घेतला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तो वास त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

"वन्संना फोन लावू?"

"अजिबात नको. कीड आहे, आणि कीड म्हणजे माझा प्रांत."

इथून पुढे मात्र डॉक्टरांचं कौतुक करायलाच हवं. कपाटातली जुनी हत्यारं बाहेर आली. डोळ्यांना भिंग, हातात मोजे. बाराही आयरिस मुळासकट बाहेर निघाल्या. पण त्याआधी त्यांनी शिस्तीत रजिस्टर काढून नकाशा केला. अर्धगोल वाफा म्हणजे अगदी खालचा जबडाच! उजवीकडचे सहा, डावीकडचे सहा, मधोमध एक नंबर, टोकाला सहा. 'उजवीकडचा सहावा: ताईचं बाळ. डावीकडचा सहावा: अध्यक्षबाई.' प्रत्येकीच्या पानावरही तसंच लिहिलं, उ-६, डा-६. मग बारीक चमच्याने एकेका कंदातला सडका भाग खरवडला, जंतुनाशकाने पुसला आणि सगळ्या पेशंटना वर्तमानपत्रावर दोन दिवस उन्हात निजवलं. ताई याहून वेगळं काही करू शकल्या नसत्या.

तिसऱ्या दिवशी लावायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांची कंबर धरली. दोन दिवस उकिडवं बसल्याचा तो प्रसाद होता. ते पलंगावर आडवे पडले आणि लावणी डॉक्टरीणबाईंनी केली.

"पानावर लिहिलंय तसं लाव," डॉक्टर आतून ओरडले. "आणि या वेळी कंद उघडे ठेव!"

"वाचता येतं मला," बाहेरून उत्तर आलं.

थंडी सरता सरता ताई आजी होऊन परत आल्या. लिहिलेली पानं केव्हाच सुकून गळली होती आणि जागोजागी नवी, तलवारीसारखी ताठ पानं उभी होती. ताईंनी वाफ्याभोवती एक फेरी मारली.

"काही केलं नाहीस ना?"

"काही म्हणजे काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि घाईघाईने नातवाचे फोटो मागितले.

दांडे वर आले, कळ्या धरल्या आणि दोन्ही घरांचं लक्ष कामांतून उडालं. ताईंनी खुर्ची फाटकाशी नेऊन ठेवली. चहा तिथे, पेपर तिथे, भाजी निवडणंसुद्धा तिथेच. डॉक्टरांची उत्सुकता तर अशी शिगेला पोचली, की ते रोज तोंडात घालायचा छोटा आरसा कळीच्या सालीखाली धरून आत काही रंग दिसतो का ते पाहायचे.

"दिसलं का काही?"

"सूज आहे. दोन दिवसांत फुटेल."

पण आधी उमललं ते नळाकडचं. तपकिरी रंगाचं. ताई लांबूनच पाहून हसत सुटल्या.

"बघितलंस, अध्यक्षबाईंनी काय दिलं ते? बशीत सांडलेला उष्टा चहा! तरीच रंग सांगत नव्हत्या."

डॉक्टर जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिले. "आत जांभळ्या रेघा आहेत गं. मला तर बरं वाटतंय."

"तुला रंगातलं काय कळतं? जन्मभर पांढरं आणि पिवळं एवढंच तर बघितलंस."

तीन दिवस ताईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला, दूधवाल्याला, पोस्टमनला बोलावून बोलावून तो उष्टा चहा दाखवला. एक दिवस त्याला जुना बूट म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी गंजलेला पत्रा. चौथ्या दिवशी सकाळी फाटकाकडची कळी उघडली, आणि ताई खुर्चीतून उठल्याच नाहीत. शुभ्र पांढऱ्या पाकळ्या, कडेला निळी किनार आणि केशरी दाढी. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तीन वर्षं वाट पाहिली होती त्यांनी. डॉक्टरांनाही भरून आलं. आपण हे पोर मरणाच्या दारातून ओढून आणलं, हे कोणाला सांगता येत नव्हतं, एवढंच काय ते दुःख.

ताईंनी डोळे पुसले आणि अध्यक्षबाईंना फोन केला. "या एकदा. माझ्या हातचं फूल बघून जा."

अध्यक्षबाई दुपारी आल्या. ताईंनी त्यांना मुद्दाम आधी नळाकडे नेलं.

"ही तुमची भेट. राग मानू नका, पण भांडी विसळलेलं पाणी बरं यापेक्षा."

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. "हे माझं नाही."

"असं कसं? तुम्हीच तर दिलंत."

"मी दिलं ते तिकडे आहे," असं म्हणत त्या सरळ फाटकाकडे गेल्या. "हे काय. निळी किनार, केशरी दाढी. माझ्या दारात याची रांग आहे, कधीही येऊन बघा. तुम्ही फोनवर काय म्हणालात? तुमच्या हातचं?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मी चोरी केली म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. मंडळात सगळे काय ते म्हणतील."

आपल्या बहिणीला कोणी भर अंगणात चोर ठरवावं, हे डॉक्टरांना सहन होणं शक्यच नव्हतं. गप्प बसले असते तर वाचले असते, पण ते तडक घरात गेले आणि रजिस्टर घेऊन आले.

"थांबा. माझ्याकडे लेखी पुरावा आहे. हे बघा, उजवीकडचा सहावा: ताईचं बाळ."

"कसला पुरावा?" ताईंनी विचारलं. "तू नकाशा कशाला काढलास?"

"सगळी उपटली होती ना, म्हणून," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. पण आता उशीर झाला होता. "सडली होती गं. मीच माती ओढली, मीच पाणी घातलं. पण मीच बरी केली! आणि होती तिथेच परत लावली. ही बघ उजवी बाजू."

त्यांनी हात केला तो फाटकाकडे. म्हणजे वाफ्यासमोर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डाव्या हाताला.

"अहो, ही डावी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवी नळाकडे."

"तुझी उजवी गं! पेशंटची उजवी आपल्या डाव्या हाताला येते. चाळीस वर्षं मी असंच लिहीत आलोय."

"मी लावलं ते माझ्या उजवीकडे," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मला काय माहीत, वाफ्यालाही तोंड असतं ते?"

डॉक्टरांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा नळाकडे, आणि रजिस्टर मिटलं. ताईंना हिशेब लागायला आणखी थोडा वेळ लागला. मग त्या हळूहळू चालत नळापाशी गेल्या आणि त्या तपकिरी फुलासमोर मातीतच बसल्या.

डॉक्टर मागे जाऊन उभे राहिले. चिडली असती, ओरडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. "ताई, चुकलं माझं. तीन वर्षांची तुझी मेहनत, आणि या फुलाचा पहिला दिवस मी वाया घालवला."

"वहिनी, माझा चष्मा आणा," ताई म्हणाल्या.

चष्मा आला. ताईंनी लोंबती पाकळी एका बोटाने उचलली, आत डोकावल्या, दाढीवरून अलगद बोट फिरवलं. अध्यक्षबाईंनासुद्धा निघून जाणं जमेना.

"तपकिरी कोण म्हणालं याला?" बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या. "हे तांबं आहे. घासून लख्ख केलेलं तांबं. आणि या जांभळ्या रेघा बघा, आईवर गेलंय. अध्यक्षबाई, आहे का असा रंग तुमच्याकडे?"

"नाही बाई," अध्यक्षबाईंना कबूल करावं लागलं.

डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "आपला तो बाब्या..." आणि उरलेलं त्यांनी गिळून टाकलं.

डॉक्टरांना मात्र राहवेना. "पण ताई, काल संध्याकाळपर्यंत तर तू याला गंजका पत्रा म्हणत होतीस."

ताईंनी मान वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही सगळी चूक त्यांचीच होती.

"काल आभाळ आलं होतं," त्या म्हणाल्या.