रिकामी वाटी

इंदुताईंनी नववीच्या वर्गात संसार मांडला होता. एकेक बाक म्हणजे एकेक घर. दर सोमवारी पगार म्हणून बाई शंभर चिंचोके द्यायच्या आणि मग पोरींनी डब्यातून चिठ्ठी उचलायची. कुणाच्या नशिबी पाहुणे, कुणाच्या दवाखाना, कुणाच्या छपराचे कवेलू फुटलेले. शनिवारी ज्या घरात चिंचोके शिल्लक, ते घर शहाणं.

गोपिकाने पहिल्याच पगारात हप्त्यावर रेडिओ घेतला. म्हणजे खडूचं रिकामं खोकं. मग तिच्याकडे पाहुणे आले, पाठोपाठ दवाखाना आला आणि हप्ता थकला. शनिवारी बाईंनी नियमाप्रमाणे खोकं उचललं. गोपिका मात्र खरीखुरी रडली.

संध्याकाळी नळावर पोरी हळहळत होत्या. गोपीचा रेडिओ उचलून नेला वं, घरात दाणा राहिला नाही. मागे पाण्याचे गुंड घेऊन उभ्या असलेल्या बायांना बाक दिसला नाही, घर तेवढं दिसलं. गोपिकाचे वडील महादेवराव सदर भागात सायकली दुरुस्त करायचे. माणूस मानी. असा माणूस अडचण तोंडाने सांगणार नाही, तेव्हा विचारायचं कुणीच नाही असं ठरलं. रविवारी दिवेलागणीला एकेक बाई पदराखालून वाटी काढून त्यांच्या दारातल्या ओट्यावर ठेवू लागली. तुरीची डाळ, तांदूळ, गूळ. महादेवरावांना वाटलं, बायको कुठेतरी काही बोलली. बायकोला वाटलं, नवरा बोलला. दोघांनी एकमेकांशी अबोला धरला.

इंदुताईंना ही बातमी त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या कांताबाईने त्याच संध्याकाळी सांगितली. तोवर बातमीतून रेडिओ गळून पडला होता आणि सायकलचं दुकान बुडालं होतं. पोर खेळातही बुडाली आणि खऱ्यातही, या विचाराने इंदुताईंना जेवण गेलं नाही. त्यांनी लाडवांचा डबा भरला आणि कुणाचा ते सांगू नको म्हणून बजावून कांताबाईच्या हाती दिला.

सोमवारी गोपिका आली नाही. महादेवराव आले, हातात जड थैली घेऊन. फीबद्दल बोलायला आले असतील म्हणून बाईंनी धीराचे चार शब्द जुळवून ठेवले.

"पोरीचं नाव काढून टाका बाई," ते म्हणाले.

"अहो, दिवस काय, येतात आणि जातात. तेवढ्यासाठी शाळा कशाला सोडायची?"

"कायचे दिवस? माझं दुकान चालू आहे. मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात, तुमचा रेडिओ उचलून नेला. माझ्या घरी रेडिओच नाही, तं नेला कोणी?"

इंदुताईंची नजर हळूच टेबलावरच्या खडूच्या खोक्याकडे गेली. त्यांनी सगळं सांगितलं. चिंचोके, चिठ्ठ्या, हप्ता. महादेवराव बराच वेळ खोकं उलटंपालटं करून पाहत राहिले.

"आमच्या घरी दुसऱ्याची वाटी रिकामी परत देत नाही," ते शेवटी म्हणाले. "काल रात्रीपासून गोपीची माय शंकरपाळे तळून राहिली. रवा सरला, तेल सरलं. सकाळी मी दुकानदाराले उधारी मागितली, जन्मात पहिल्यांदा. तुमच्या खेळानं मले खरंच बुडवलं जी."

"चूक माझी आहे, महादेवराव. पण शिक्षा गोपिकाला काहून?" बाईंच्या तोंडून नकळत महादेवरावांचीच बोली निघाली.

महादेवरावांनी थैलीतून एक स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. "बाकी वाट्या पोचल्या. हा डबा कोणाचा, बायकोले समजलं नाही."

"असेल कुणाचा तरी," इंदुताई पुटपुटल्या.

महादेवरावांनी डबा फिरवून बाईंपुढे धरला. झाकणावर मशीनने कोरलेलं होतं: 'चि. सौ. इंदूस, मामाकडून.'

"मले वाचता येते, बाई."

इंदुताईंनी झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता. काही बोलावं लागू नये म्हणून त्यांनी एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला. महादेवरावांनीही एक उचलला. दोघंही खात राहिले.

दाराशी जाऊन ते थांबले. "गोपी उद्यापासून येईल. पण त्या चिठ्ठ्यांत एक कमी आहे."

"कोणती?"

"शेजाऱ्यांच्या वाट्या परत करायची. सगळ्यात महाग तेच पडते."