घाडीचा अंगठा

माझ्या मुलीच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, विष्णू घाडीने व्याह्यांच्या पंगतीत बसून तीन ताटं परत पाठवली. वाढपी ताट ठेवायचा. घाडी ते उचलायचा, उलटं करायचा, काठावरून सावकाश अंगठा फिरवायचा आणि मान हलवायचा. वाढप्याला वाटलं ताट उष्टं राहिलंय. त्याने धुऊन आणलं, पुसून आणलं. चौथ्या ताटावर घाडीचा अंगठा पुरता गोल फिरला आणि तो व्याह्यांकडे बघून म्हणाला, "ह्या चलात. डाय नवी आसा."

व्याही मला बाजूला घेऊन विचारत होते, की हे गृहस्थ कोण. मी सांगितलं, आमच्याकडे चेकर आहेत. त्यांना काय कळलं कोणास ठाऊक, पण मुलीला त्यांनी पुढे कधी काही कमी केलं नाही.

घाडीचं हे असंच. हातात येईल त्या वस्तूच्या काठावरून त्याचा अंगठा आधी जाणार, मग बाकीचा घाडी. वाण्याने सुटे पैसे दिले की नाण्यांच्या कडा तपासणार. वाण्याला वाटायचं हा आपल्याला खोटी नाणी देणारा समजतो. पापलेट घ्यायला गेला तर पराच्या कडेने अंगठा. कोळीण एकदा भडकली, "काय रे बाबा, कवापासून गोंजारतंस त्याला? मासा हाय तो, तुजा जावई नाय. घेतंस तर घे." घाडीने शांतपणे मासा घेतला. माणूस घासाघीस करत नसे. काठ पसंत पडला की संपलं.

कारखान्यात त्याला सगळे अंगठेशेठ म्हणायचे. कारखाना म्हणजे शिवडीला गोदामांच्या मागे एक लांबट गाळा. मी तिथे प्रेस चालवायचो. तिसरीत शाळा सोडली, पण प्रेससमोर मला कोणी शिकवायला आलं नाही आणि आलं असतं तर मी ऐकलं नसतं.

आमचं काम लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. पंखा फिरतो, पंप पाणी चढवतो, लिफ्ट वर जाते. त्यांच्या मोटारीच्या पोटात लोखंडाचा गठ्ठा असतो. तो गठ्ठा एकसंध नसतो. कागदासारखे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. हा पत्रा साधा नव्हे, सिलिकॉन स्टील. प्रत्येक पत्र्यावर डोळ्याला न दिसणारा लेप असतो. पत्रे एकमेकांना लागून बसले पाहिजेत, पण एकाचा करंट दुसऱ्यात जाता कामा नये. गेला की मोटार तापते, गुरगुरते आणि जळते. मी नवीन माणसाला समजावताना चाळीचं उदाहरण द्यायचो. भिंतीला भिंत लागून, पण ज्याचं त्याचं भांडण ज्याच्या त्याच्या खोलीत. लालबागला राहून ते मला पक्कं ठाऊक होतं.

तर प्रेस धाडकन खाली येते आणि पत्र्याची दातेरी चकती कापली जाते. डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, बोथट व्हायला लागली की कापलेल्या काठाला बारीक कंगोरा उठतो. केसापेक्षा बारीक. पण तोच पुढे शेजारच्या पत्र्याचा लेप फाडतो. घाडी स्टुलावर बसून चकत्या बघायचा. बघायचा म्हणजे डोळ्यांनी नाही. डोळे शटरबाहेर रस्त्यावर आणि अंगठा चकतीवर. मधेच हात वर करायचा. हात वर म्हणजे प्रेस बंद, डाय काढा, घासायला पाठवा.

शेठकडे मोजायचं यंत्र होतं. ते चांगलं होतं, मी नाव ठेवणार नाही. पण ते थप्पीतली एखादीच चकती मोजायचं. अंगठा सगळ्यांवरून जायचा.

मला त्या हात वर करण्याचा राग यायचा. चालू लयीत प्रेस थांबवणं म्हणजे जेवताना ताट ओढणं. मी ओरडायचो, अजून शंभर चकत्या निघतील, बस खाली. घाडी म्हणायचा, "मी खंय सांगतंय? काठ सांगता." या एका वाक्यावर त्याने माझी उभी हयात थांबवली. शेठ दर वेळी त्याच्या बाजूने. तरी दुपारचा चहा आम्ही एकत्र प्यायचो. माझ्या घरून थर्मास यायचा, त्यातला अर्धा घाडीचा. त्याला घर असं नव्हतं. माझगावात एक खोली आणि खोलीत तो. लग्न का नाही केलं म्हणून विचारलं तर म्हणायचा, राहून गेला. जसं काही छत्री घ्यायची राहून गेली.

मग कधीतरी त्याचं बिनसलं. चहाच्या वेळी तो आपला पेला घेऊन यायला लागला, नाक्यावरचा चहा घेऊन शटरपाशी एकटाच बसायला लागला. मी थर्मास पुढे केला तर नको म्हणाला. कारण विचारलं तर बाहेर बघत बसला. आता मीही काही रस्त्यावर पडलेला नाही. माझ्या सुनेच्या हातच्या चहाला जो नको म्हणतो, त्याला मी दुसऱ्यांदा विचारत नाही. त्या दिवसापासून मी थर्मासचं टोपण लावलं आणि तोंडाचंही.

त्यात नातवाचं बारसं आलं. बोलणं बंद असलं तरी निमंत्रण द्यायचं ते दिलं. घाडी आला तो चाळीच्या खालीच उभा राहिला. वर आलाच नाही. पानवाल्याच्या हाती चांदीचे वाळे पाठवले आणि निघून गेला. मी गॅलरीतून बघितलं, पाठ दिसली. घरचे म्हणाले, काका असे काय करतात. मी म्हटलं, अंगठा मोठा झालाय त्यांचा, आपल्या जिन्यात मावत नाही. वाळ्यांच्या काठाला कुठे बोचेल असं काही नव्हतं. ते मी बघून घेतलं होतं, पण कोणाला सांगितलं नाही.

गाळ्यातही कुजबूज सुरू झाली. घाडीचा हात आता वर जायचा बंद झाला होता. मी मनातून खूश, प्रेस अखंड चालू. पण माल परत यायला लागला. मोटारीत तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्यांचे फोन येऊ लागले की कोअर, म्हणजे आमच्या पत्र्यांचा गठ्ठा, तापतो. शेठ घाडीला काही बोलला नाही, पण त्याच्या स्टुलाकडे बघून जायला लागला. अशा बघण्याचा अर्थ कामगाराला कळतो. घाडीचं ते स्टूल गेलं तर त्याच्याकडे माझगावच्या खोलीशिवाय काही उरणार नव्हतं.

एका सकाळी मी माझ्या थप्पीतली तपासलेली चकती सहज उचलली. काठावर लाल रेघ होती. मला वाटलं रंग. खालच्या चकतीवरही होती. त्याच्या खालच्याही. मी घाडीकडे बघितलं. तो नेहमीसारखा शटरबाहेर बघत एकेक चकती फिरवत होता आणि त्याचा अंगठा आडवा फाटून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मी बोलणं टाकलं होतं ते विसरलो. म्हटलं, घाडी, रक्त.

त्याने खाली बघितलं. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्या मांडीवर पडलाय असं बघितलं. मी पुढे झालो तर झटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हात लावू नको रे. माका रगतपिती झाली हा."

मग त्याने भिंतीकडे तोंड करून सांगितलं. कित्येक महिने अंगठ्याला काही कळत नव्हतं, मग शेजारची बोटंही बधिर झाली. त्याच्या आईला हाच महारोग होता. गावात तिला गोठ्याच्या पलीकडे खोपटात ठेवली होती. हा लहान असताना भात धोंड्यावर ठेवून मागे सरायचा, मग ती पुढे यायची. आई गेली ती तशीच. म्हणून त्याने स्वतःला वेगळं ठेवलं. पेला वेगळा, बसायची जागा वेगळी. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर नाव सांगेल आणि नाव कळलं की शेठला सांगावं लागेल.

मला फार बोलता येत नाही. मी त्याचं मनगट धरलं. तो ओढत होता आणि मी सोडत नव्हतो. प्रेस चालवून माझ्या पंजात अजून दम आहे. असेच आम्ही म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलपर्यंत गेलो. रक्ताळलेल्या माणसाला म्हातारा फरफटत नेतोय म्हणून रस्त्यात एका हवालदाराने हटकलं, काय चोरलं याने? मी म्हटलं, चार महिने चहा.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढी. तिने टाके घातले, टाचणी टोचून बघितली, मनगटावर टिचक्या मारल्या, अंगावर कुठे चट्टे आहेत का ते बघितलं. काम काय करता विचारलं. घाडीने हवेत अंगठा फिरवून दाखवला. ती बराच वेळ त्या फिरणाऱ्या हाताकडे बघत राहिली. मग हातात बारीक करंट सोडून नस तपासतात त्या तपासणीसाठी पुन्हा बोलावलं. घाडी बाहेर येऊन पुटपुटला, "मोटार समजली काय माका."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्यापुढे बसलो. ती म्हणाली, हा तो रोग नाही. आयुष्यभर एकच हालचाल करून मनगटातली नस दाबली गेली आहे. आणि तो रोग असता तरी काका, हल्ली गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, त्यासाठी कोणी असं लांब बसत नाही. मग तिने हळू आवाजात उरलेलंही सांगितलं. उशीर झालाय. ऑपरेशन केलं तर नस मोकळी होईल, पण अंगठ्याला पहिल्यासारखं कळेल असं ती सांगू शकत नव्हती.

घाडीने मान डोलावली, ताट पसंत पडल्यासारखी.

तिथून तो घरी गेला नाही. सरळ गाळ्यात, शेठच्या टेबलासमोर. मी बरोबर होतो. शेठने खुर्ची दिली, तो बसला नाही.

"शेठ, काठ माका आता काय सांगणा नाय," तो म्हणाला. "परत इलो तो माल माझो. तेंचो नाय."

तेंचो म्हणजे माझा. मी प्रेस चालवली होती, डाय बोथट असताना मीही थांबलो नव्हतो. मी ते म्हणायला तोंड उघडलं तर घाडीने हात वर केला. कित्येक महिन्यांनी वर केला. शेठ म्हणाला, गेटवर बसा, चावी सांभाळा, पगार चालू ठेवतो. घाडी विचार करून सांगतो म्हणाला. त्याला ते नको होतं, हे मला कळत होतं. स्टुलावरची गोणपाटाची घडी त्याने काढली, झटकली आणि काखेत मारली. प्रेस बंद होती, त्यामुळे गाळ्यात झटकल्याचा आवाज मोठा आला.

बाहेर आलो. ऊन कडक होतं. शिवडीच्या खाडीकडून चिखलाचा वास येत होता. त्याचा रस्ता माझगावकडे, माझा लालबागला. तो नाक्यावर उभाच राहिला. मला वाटलं आता नोकरीचं काही बोलेल. मी उत्तर जुळवत होतो.

"नातवाचा नाव काय ठेवलंत रे?"

बारशाला वर आला नव्हता आणि मी चार महिने बोललो नव्हतो. त्याला कोण सांगणार? मी सांगितलं, अद्विक. मुलांनी ठेवलंय, मला अजून नीट म्हणता येत नाही.

घाडीने ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता जागो असतलो काय रे?"

भर दुपारी ते पोर रोज झोपलेलं असतं. मी म्हटलं, असेल. चल.