मालतीबाईंची माती

जव्हारहून खोडाळ्याला निघालेल्या एसटीत, भर पावसात, मालतीबाई उठून ओरडल्या, "थांबवा, थांबवा! माती चालली!"

कंडक्टरनं घाईनं घंटी ओढली. पुढच्या दोघांनी टोप्या काढल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडून हळूच विचारलं, "कोनाची माती, बाय?"

"या डोंगराची!" असं म्हणून बाई छत्रीशिवाय खाली उतरल्या आणि रस्त्याकडेच्या लाल ओहोळात बाटली बुडवून बसल्या. प्रेतयात्रा शोधणारी अख्खी एसटी खिडक्यांतून त्यांच्याकडे बघत राहिली. मी त्यांना ओळखतच नाही असं दाखवायचा प्रयत्न केला, पण परत चढल्यावर त्यांनी बाटली माझ्याच मांडीवर ठेवली. "धरा सर. गाळ ढवळला तर तुमच्याशी बोलणार नाही."

मालतीबाई आमच्या भाडेकरू. मी जव्हारच्या शाळेत मास्तर, आणि त्या डोंगरउतारावरच्या शेतीवर संशोधन करायला आलेल्या डॉक्टर. पन्नाशीच्या, एकट्या. पावसात उतारावरची माती किती वाहून जाते, ती अडवायची कशी आणि पाऊस असा लहरी झाल्यावर नागली, म्हणजे आपली नाचणी, तगवायची कशी, हा त्यांचा विषय. जेवतानाही तोच. माझ्या बायकोनं आमटी वाढायला घेतली की त्या ताटात भाताचे आडवे बांध घालत. "आता ओता वहिनी. थेंब खाली जाणार नाही."

त्यांच्या बाटल्या आमच्या स्वयंपाकघरात ओळीनं उभ्या असत. कल्याणहून आलेल्या माझ्या मेव्हण्यानं एकदा कोकम सरबत समजून एक तोंडाला लावली. दोन घोटांनंतर त्याचा चेहरा बदलला. बाई धावत आल्या. मला वाटलं, आता काही औषध सांगतील. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि सुस्कारा सोडला. "वाचली! तळाचा गाळ तसाच आहे."

खोडाळ्याजवळ लाडक्या नावाच्या शेतकऱ्याची उतारावर नागलीची हलकी वरकस जमीन होती. तिथं आडवे दगडी बांध घालू दे, म्हणून बाई त्याच्या मागं लागल्या.

"बाय, पानी खालीच जाईल. वर कसा चढंल?"

"पाणी जाऊ दे रे. पण माती कशाला सोबत पाठवतोस?"

लाडक्या हसत सुटला आणि हसता हसता तयार झाला. बाईंनी स्वतः दगड वाहिले. पूर्वी पाऊस पाहुण्यासारखा मुक्काम करायचा, आता धाड घातल्यासारखा येतो, असं त्या म्हणत. त्या वर्षी त्यानं खरंच धाड घातली. खालचे बांध फुटले, वरचे टिकले, आणि त्या वरच्या पट्टीत नागली ताठ उभी राहिली. बाईंनी आनंदानं लाडक्याच्या बायकोला मिठी मारली आणि दोघी चिखलात बसकण मारून उतारावरून घसरत खाली आल्या.

तेवढ्यात प्रकल्प गुंडाळायचा हुकूम आला. बाईंना पुण्याला परत बोलावलं. त्या रजा टाकून जव्हारलाच राहिल्या. दिवाळीनंतर लाडक्या आणि त्याची बायको वीटभट्टीवर कामाला गेली, तरी बाईंची रविवारची एसटी चुकेना. फुटलेले बांध बघायचे आहेत, म्हणत.

"शेतात कुणी नाही, मग दिवसभर करतात काय?" बायकोनं विचारलं. म्हणून एका रविवारी मीही निघालो, उतारावर उभं राहून व्याख्यान ऐकायच्या तयारीनं.

बाई शेताकडे वळल्याच नाहीत. सरळ लाडक्याच्या घरी गेल्या. त्याची म्हातारी आई मागं राहिली होती. भट्टीवर नेण्याजोगी ती उरली नव्हती. बाईंनी पिशवीतून तांदूळ काढले, चूल पेटवली, भात शिजवला. दोघी जेवल्या, मलाही वाढलं. मग बाई म्हातारीकडे पाठ करून बसल्या. म्हातारीनं त्यांचा अंबाडा सोडला, हातावर खोबरेल घेतलं आणि करवादली, "कवढा गुंता केलास गं पोरी!"

भेटेल त्याला उतार समजावून सांगणाऱ्या मालतीबाई डोळे मिटून गप्प बसल्या होत्या.

वेणी झाली. म्हातारीनं विचारलं, "पोरं भट्टीवरून आली, तरी येशील नाय?"

"येईन."

म्हातारीनं ती वेणी सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतली.