श्रीमती माहीत नाही

आडेलकर कुळमंडळाच्या नव्या वेबसाइटवर बुधवारी सकाळी एक बाई सापडली. तिला दोनशे बारा मुलं होती. थोरल्याचा जन्म अठराशे अडुसष्टचा, धाकटीचा दोन हजार अकराचा. नवरे एकशे एकोणीस. नाव : माहीत नाही.

वेबसाइटचं काम वसुधा आडेलकर बघत. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यामुळे चूक दिसली की त्या आधी कारण शोधत, मग घाबरत. कारण दहा मिनिटांत मिळालं. जुन्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या नावापुढे फक्त वडिलांचं नाव असे. नव्या अर्जात वसुधाताईंनी आईच्या नावाचा रकाना घातला होता. लग्नात बायकांची नावं बदलतात, म्हणून मुद्दाम ‘आईचं माहेरचं नाव’ असं लिहिलं होतं. तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. कुळातल्या पुरुषांनी थोडं डोकं खाजवलं, ‘माहीत नाही’ लिहिलं आणि अर्ज पुढे ढकलला. एका नावाची बाई एकच, असं संगणकाने धरलं.

त्यांनी मंडळाचे अध्यक्ष सहदेवराव यांना मुलुंडला फोन लावला.

"भाऊजी, वेबसाइट बघितलीत?"

"बघितली ना! झकास झालीय."

"त्यात ‘नातं शोधा’ म्हणून बटण आहे. मी दुरुस्ती करेपर्यंत ते कोणी दाबू नका."

"सुगंधा सकाळपासून तेच दाबतेय," सहदेवराव म्हणाले.

स्वयंपाकघरात सुगंधाबाईंनी पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. पडद्यावर लिहिलं होतं : ‘सहदेव आणि सुगंधा. आई एक, वडील वेगळे. नातं : भाऊ-बहीण.’

"अगं, ती कॉम्प्युटरची चूक आहे."

"कॉम्प्युटरने लिहिलं ‘माहीत नाही’? आपला अर्ज कोणी भरला?"

"मी भरला. पण माझ्या आईचंही तेच लिहिलंय. म्हणजे भेदभाव केलेला नाही."

"तुमच्या आईचं माहेरचं नाव चंद्रभागा. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता माझ्या आईचं सांगा."

सहदेवरावांनी सासूबाईंना पंचवीस वर्षं ‘मामी’ म्हटलं होतं. मामींच्या हातची तिसऱ्यांची आमटी त्यांना आठवत होती, मामींचा मोतीबिंदू कोणत्या डोळ्याचा तेही आठवत होतं.

"जिभेवर आहे," ते म्हणाले.

"असू दे. रविवारी मालाडच्या हॉलमध्ये आपला जोडीने सत्कार आहे ना? तुम्ही स्वतः तो रकाना भरलात, तर मी येते. नाहीतर एकटे जा. भावाबरोबर कोण सत्काराला बसतं?"

सहदेवराव मोबाइल घेऊन गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं आणि मेहुण्याला फोन लावला.

"अनंता, तुझ्या आईचं नाव काय रे?"

"का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सहज? भावोजी, तब्येत बरी आहे ना? माझ्या लेकीला पाठवू काय तिकडे?"

"मरू दे तब्येत! नाव सांग."

"शेवंती."

सहदेवरावांनी गॅलरीतच रकाना भरला आणि छाती काढून आत आले. सुगंधाबाईंनी वाचलं. "अनंताने सांगितलं ना?"

"छे! आठवलं."

"आठवलं काय! शेवंती हे आईला सासरी ठेवलेलं नाव. रकाना वाचा. माहेरचं विचारलंय. मराठीतच लिहिलंय."

"बरं बाई, हरलो. तूच सांग."

सुगंधाबाईंनी गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता.

"सुगंधा?"

"थांबा हो! बाबा ‘अगो’ म्हणायचे. आजी ‘ह्या’ म्हणायची." त्या स्टुलावर बसल्या. "मला कोणी सांगितलंच नाही."

खरं तर सहदेवरावांना आता बरंच काही बोलता आलं असतं. पण बायकोचा चेहरा बघून ते "मानखुर्दच्या मावशीला विचारू या?" एवढंच म्हणाले.

सखुबाई मावशी ही आईची धाकटी बहीण. तिची नव्वदी उलटली होती आणि कान गेले होते. सुगंधाबाईंनी फोन स्पीकरवर ठेवून तीन वेळा प्रश्न विचारला.

"तायचा म्हायेरचा नाव?" मावशी ओरडली. "सुगंधा!"

"हो मावशी, मी सुगंधाच बोलतेय. आईचं नाव विचारतेय, आईचं!"

"ताच सांगतंय मां! सुगंधा! तुझ्या लग्नात भटजीन तांदळातला नाव मोठ्यान वाचल्यान आणि ताय रडाक लागली. सगळ्यांका वाटला, चेडू सासराक चालला म्हणान रडता."

फोन बंद झाला. ताटातल्या तांदळात अंगठीने ते नाव सहदेवरावांनीच लिहिलं होतं. त्यांना ते नुसतं आवडलं होतं. मामी मात्र लेकीला कायम ‘बाय’ म्हणत. आपण ठेवलेलं नाव सासूबाई मुद्दाम घेत नाहीत, असं जावयाने मनात धरून ठेवलं होतं.

सहदेवरावांनी ‘शेवंती’ खोडून एकेक अक्षर टाइप केलं. मग चष्मा काढून हळूच म्हणाले, "म्हणजे मला माहीत होतं."

"काय?"

"तुझ्या आईचं नाव. एकेचाळीस वर्षं रोज घेतोय."

सुगंधाबाईंनी पदराने डोळे टिपले. "घेताय कसलं, ओरडताय," त्या म्हणाल्या. "रविवारी हॉलमध्ये जरा हळू घ्या."