तात्यांच्या गाडीचा क्लच

जगातल्या प्रत्येक बिघाडाला एक मूळ असतं आणि त्या मुळापर्यंत पोचणं हेच माणसाचं खरं कर्तव्य आहे. हे वाचून कुणी तत्त्वज्ञ डोळ्यांपुढे आला असेल, तर त्याला कृपया बाजूला सारावं. हे उद्गार रंगनाथतात्यांचे आहेत. माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला, नीरेच्या काठी, गुरुजींच्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांनी ते काढले होते. पिंडाला कावळा शिवत नव्हता. घरची माणसं हात जोडून आभाळाकडे बघत उभी होती. चुलत्यांचा जीव नेमका कशात अडकला असेल, यावर दबक्या आवाजात चर्चा चालली होती. तेवढ्या वेळात तात्यांनी गुरुजींकडून चावी मागून घेतली आणि बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी बुरशी ते पळीने खरवडू लागले. पळीही गुरुजींचीच होती. कावळा अखेर आला. सगळ्यांनी डोळे पुसले. परतताना तात्या मला हळूच म्हणाले, "हॉर्न वाजवून बघितला ना मी, त्यानं झाडावरनं उठला त्यो."

तात्या सणसरला माझ्या शेजारी राहतात. मी बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो, रोज गाडीने जातो-येतो. चावी फिरवली की गाडी सुरू होते, याहून जास्त मला गाडीतलं काही कळत नाही. तात्यांच्या लेखी ही निरक्षरता आहे. सकाळी कुंपणापाशी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न, "गाडी कशी हाय?" आणि मग, जरा थांबून, "घरची मंडळी?" हा क्रम मी कधी बदललेला पाहिला नाही. बोलता बोलता ते माझ्या गाडीच्या चारही टायरांना टाच लावून बघतात, खाली वाकून कुठे तेल गळतंय का ते पाहतात, आणि काहीच गळत नसेल तर थोडे हिरमुसतात. त्यांच्या खिशात दोन रुमाल असतात, एक ऑइलची पट्टी पुसायला आणि एक नाक पुसायला. घाईत कधी कधी अदलाबदल होते. मग दिवसभर तात्यांच्या नाकाखाली एक काळी रेघ असते आणि ती त्यांना शोभते.

माणसांची दुखणीही ते याच नजरेने बघतात. मला पित्त झालं तेव्हा ते म्हणाले, "काळा धूर हाय हा. हवा कमी, इंधन जास्त." साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्षांचं भाषण लांबलं की ते शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "रेस हाय, पर गिअर पडला न्हाय." बाकी कुणाच्या भाषणाविषयी मी इतकं अचूक मत ऐकलेलं नाही.

आमच्याकडे ऊस तुटला की फडातले उंदीर बेघर होतात. ते जवळचं बॉनेट बघून तिथे संसार थाटतात आणि गाडीचं वायरिंग कुरतडून खातात. उंदरांना तंबाखूचा वास सोसत नाही, असं तात्यांचं मत आहे. त्यामुळे तोड सुरू झाली की ते गावातल्या उभ्या गाड्यांच्या बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुरचुंड्या बांधून येतात. मालकाला विचारण्याची पद्धत नाही. एका वर्षी गावातल्या एका उमेदवाराला ऐन निवडणुकीत आपल्या नव्या गाडीत लाल दोऱ्याने बांधलेली एक पुरचुंडी सापडली. विरोधकांनी करणी केली म्हणून तो थेट देवऋष्याकडे गेला. देवऋष्याने ती उलगडली, हुंगली, आणि उतारा म्हणून तिथेच मळून खाल्ली. उमेदवार पडला. तात्या म्हणाले, "वायरिंग तर वाचलं ना."

आता या ज्ञानाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एकदा निमगाव केतकीत, बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात माझी गाडी बंद पडली. मी तात्यांना फोन लावला.

"फोन इंजनापाशी धरा," तात्या म्हणाले. "आन् स्टार्टर मारा."

मी एक हात खिडकीतून आत घालून चावी फिरवत होतो आणि दुसऱ्या हाताने बॉनेटच्या दिशेने फोन धरत होतो. भोवती माणसं जमली. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "कुणाला ऐकवताय बाबा?"

"हां," फोनमधून आवाज आला. "पंप गेलाय. न्हायतर फिल्टर चोंदलाय. न्हायतर उंदीर. थांबा, मुळापासनं बघू." आम्ही मुळापासून बघितलं. हॉर्न वाजवला, दिवे लावले, फ्यूज काढून परत बसवले, नळ्या हलवल्या. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने वरूनच विचारलं, "सर, पेट्रोल हाय का?"

नव्हतं.

मी हे तात्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, "ते मी धरूनच चाललो व्हतो. शिकल्यालं माणूस हाय म्हणल्यावर तेवढं असंलच."

पण तात्यांविषयीची सर्वांत मोठी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ती म्हणजे, त्यांना गाडी चालवता येत नाही.

नोकरीची सगळी वर्षं ते कारखान्याच्या शेतकी खात्यात साहेब होते. जीप होती, ड्रायव्हर होता, आणि तात्या डाव्या बाजूला बसून उसाच्या नोंदी घेत सगळं कार्यक्षेत्र फिरले. गाडीचं शास्त्र ते तिथे, आवाज ऐकून ऐकून शिकले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी जुनी गाडी घेतली आणि बारामतीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सोबतीला बाई जात.

बाई म्हणजे त्यांची पत्नी. प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. गावात निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले, म्हणून अख्खं गाव त्यांना 'बाई' म्हणतं. तात्याही 'बाई'च म्हणतात, आणि अहो-जाहो करतात. शिकवणीत तात्यांनी तिथल्या मास्तरांना इंजिन कसं चालतं हे समजावून सांगायला सुरुवात केली आणि त्या नादात गाडी काटेवाडीच्या रस्त्याकडेला उसात घातली. ती बाहेर ओढल्यावर मास्तरांनी उरलेला तास बाईंकडून पुरा करून घेतला. बाईंना पहिल्याच फटक्यात लायसन मिळालं. तात्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. "ज्याला आतलं कळतं त्यानं चालवू नये," असं त्यांनी त्याचं तत्त्वज्ञान करून टाकलं.

मग बाई चालवायच्या आणि तात्या डावीकडे बसून ऐकायचे. बँक, दवाखाना, इंदापूरची लग्नं, सगळीकडे. लुगड्याचा पदर खोचून गाडी हाणणारी निवृत्त मास्तरीण बघून आधी लोक हसले, नंतर लिफ्ट मागायला लागले.

"बाई, तिसरा टाका," तात्या डोळे मिटून म्हणायचे.

"अहो, तिसराच आहे."

"मग चौथा टाका."

मागच्या हिवाळ्यात बाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बारामतीच्या दवाखान्यात मी तात्यांबरोबर होतो. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढे धरून दाखवला. तात्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "म्हंजी पाय चांगला हाय. वायरिंग गेलंय?"

डॉक्टर म्हणाले, "तसंच म्हणा."

"मग जोडा की."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि व्यायामाविषयी बोलायला लागले. हात बराचसा येईल, पायाचं सांगता येत नाही, पण व्यायाम सोडायचा नाही. सोडला तर जे आहे तेही जाईल.

बाईंनी तो सोडला. आधी काही आठवडे केला, मग एक दिवस चार पायांची काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "पुरे आता." कुणावर रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. फळ्यावरचं गणित चुकलं की पुसून टाकावं, तितक्या शांतपणे त्या पलंगावर बसून राहिल्या. तात्या मला म्हणाले, "सर, माणसाचं एक वंगाळ असतंया. बॉनेट उघडता येत न्हाय."

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते मला तेव्हा खुळेपणाचं वाटलं. ते रोज सकाळी बाईंना धरून अंगणात आणायचे, गाडीत, ड्रायव्हरच्या जागी बसवायचे आणि म्हणायचे, "बॅटरी उतरती. तेवढी चालू करून द्या. मला येत न्हाय." बाई उजव्या हाताने चावी फिरवायच्या. इंजिन सुरू व्हायचं. मग तात्या म्हणायचे, "जरा क्लच दाबून बघा." बाई डावा पाय उचलून पेडलवर ठेवायच्या. पाय तिथे नुसता राहायचा. पेडल हलायचं नाही.

"पाय नाही जात," बाई म्हणायच्या.

"पायाचं काय न्हाय. क्लच जड झालाय. गाडी उभी राहिली की व्हतंय तसं. सलीमला दाखवतो."

सलीमचं गॅरेज फाट्यावर आहे. माझी गाडीही त्याच्याकडेच असते. पुढच्या महिन्यात मी सर्व्हिसिंगला गेलो, तेव्हा त्याने पाना खाली ठेवला.

"सर, तात्यांना जरा समजवा. सारखं मला बोलावत्यात, क्लच हलका कर म्हणून. केबल नवी टाकली. ग्रीस केलं. मग ढिली करायला लावली, मग अजून ढिली. मी म्हणालो, तात्या, आता गिअर पडायचा न्हाय, करकरंल नुसता. तर म्हणाले, गिअर कोण टाकतंय?"

"मग?"

"परवा केबलच काढायला लावली. पेडल खाली पडून राहतंय म्हणालो, तर वर यायला एक बारकी स्प्रिंग बसवून घेतली. आता फुंकर मारली तरी दबतंय. पर गाडी जागची हलायची न्हाय, सर. चांगल्या गाडीचं वाटोळं केलं. का म्हणून विचारलं तर सांगत्यात, जुना माल हाय, चालायचंच."

घरी येताना सगळा रस्ता मी माझ्याच क्लचकडे लक्ष देत गाडी चालवली. तो किती जड असतो, हे मला आजवर कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "सर, जरा या हिकडं. साक्षीदार पायजे."

बाई गाडीत बसल्या होत्या. तात्या बॉनेट उघडून त्याच्या आड उभे राहिले होते, म्हणजे त्यांना बाई दिसू नयेत आणि बाईंना ते. मी दाराशी उभा राहिलो.

"दाबा," बॉनेटमागून आवाज आला.

बाईंनी पाय उचलला. त्यालाच बराच वेळ लागला. गुडघ्याखाली हात देऊन त्यांनी तो पेडलवर आणला आणि ओठ आवळले. पेडल खाली गेलं. अगदी तळापर्यंत गेलं.

"गेला का?"

"गेला," बाई म्हणाल्या.

"मी म्हणालो व्हतो. क्लचच जड व्हता. सोडा. परत दाबा."

बाईंनी परत दाबला. मग परत. इंजिन चालू होतं, त्यामुळे बॉनेटमागून काही बारीक आवाज आला असता तरी ऐकू आला नसता.

बाईंनी इंजिन बंद केलं आणि मला जवळ यायची खूण केली. मी वाकलो.

"सर, केबल तुटलीय हिची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पायाला काही लागलंच नाही. इतकी वर्षं चालवली, मला कळतं. पण ह्यांना सांगू नका. दिवसरात्र त्या बॉनेटमध्ये डोकं, आणि एवढी केबल तुटलेली दिसली नाही म्हटल्यावर फार मनाला लावून घेतील. त्यांना दुसरं येतंय काय?"

"नाही सांगत."

"मी येऊन बसत जाईन रोज. दाबून दाखवत जाईन. तेवढंच त्यांना बरं वाटतं."

मग त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, उद्या जरा लवकर बसू. ऊन लागतं."

तात्यांनी बॉनेट लावलं, वरून तळहाताने दाबून बघितलं आणि म्हणाले, "बसू की."

आता बाई रोज सकाळी काठी टेकत अंगणात येतात. घरातही थोडं जास्त चालतात, असं माझी बायको सांगते. डॉक्टरांनी पायात फरक नाही असं सांगितलं. आहे ते टिकून आहे, असंही सांगितलं. मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. केबल सलीमच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे. तिच्यात काहीच दोष नाही, दुसऱ्या कुठल्याही गाडीला चालेल, असं तो म्हणतो.