झाडावर चढणारी खुर्ची

शंकरप्पांच्या मक्याला कणसं धरली आणि रानडुकरांना ते शंकरप्पांच्या आधी कळलं. मुखेडजवळच्या त्या शिवारात हे दरवर्षीचंच होतं. दरवर्षी शंकरप्पा चार बल्ल्या रोवून माळा उभा करत, त्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत आणि डुकरं शेजारच्या रानात पाठवत. यंदा मात्र त्यांच्या गुडघ्याने माळ्यावर चढायला साफ नकार दिला.

लातूरच्या जावयाने, भीमाशंकरने, यावर उपाय काढला. बसल्या बसल्या झाडावर चढणाऱ्या खुर्च्या निघाल्या आहेत म्हणाला, आणि मोबाईलवर तीन व्हिडिओ पाठवले. व्हिडिओत एक परदेशी माणूस होता. त्याच्या अंगावर पानापानांचे कपडे होते आणि तोंडाला हिरवा रंग फासलेला होता. खुर्चीचे दोन भाग होते, एक बसायचा आणि एक पाय ठेवायचा. दोन्ही भाग पट्ट्याने खोडाला मिठी मारून होते. आधी बसायचा भाग वर सरकवायचा, त्यावर भार टाकायचा, मग पायाखालची चौकट पायानेच वर ओढायची. सुरवंटासारखा तो माणूस बघता बघता शेंड्याजवळ गेला.

हा रंग लावून कुणापासून लपतोय, असं शंकरप्पांच्या बायकोने, चांगुणाबाईंनी विचारलं. हरणापासून, असं शंकरप्पांनी सांगितलं. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे याची बाईंनी आठवण करून दिली. आपल्याला मारायचं काहीच नाही, फक्त डबा बडवायचा आहे, असा खुलासा शंकरप्पांनी केला आणि निवड सुरू झाली.

पहिली खुर्ची लोखंडी होती. ती शेतात न्यायला बैलगाडी लागली असती. दुसरीला गादी होती, पाठ टेकायला जागा होती आणि दिसायलाही ती घरंदाज होती, पण वजनाने तीही बरीच होती. तिसरी इतकी हलकी, की व्हिडिओतला माणूस एका हातात ती धरून दुसऱ्या हाताने चहा पीत होता.

"हीच," शंकरप्पा म्हणाले. "खुर्चीला कोण वागवणार? मीच. मग हलकीच पायजे."

"आन् तुमाला कोण वागवणार?" चांगुणाबाईंनी विचारलं. "खुर्चीच ना?"

या प्रश्नाचा विचार शंकरप्पांनी पुढे ढकलला.

खुर्ची आली. सोबत एक बारीक दोरीही आली. सामान बांधायला दिली असेल असं समजून शंकरप्पांनी ती वासराला बांधायला घेतली. खरी अडचण झाडाची होती. या खुर्चीला सरळसोट, बिनफांद्यांचं खोड लागे. शंकरप्पांच्या रानातल्या बाभळी वाकड्या होत्या आणि आंब्याला कमरेपासूनच फांद्या होत्या. सरळ असा एकच कडुलिंब होता आणि तो बांधावर होता.

बांधापलीकडचं रान धाकट्या भावाचं, मन्मथचं. वाटणीच्या वेळी तो लिंब नेमका मधोमध आला आणि दोघांनीही तो माझाच म्हटलं. पंच दोनदा बसले, दोनदा जेवून गेले. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं झालं तर चांगुणाबाईंमार्फत सांगत.

मन्मथ बाजारला गेल्याची खात्री करून शंकरप्पांनी एका दुपारी खुर्ची लिंबाला लावली. काम खरोखर सोपं होतं. खुर्ची सरकवा, भार टाका, चौकट ओढा. चांगुणाबाई खाली मक्यातलं तण निंदत होत्या. दोन पुरुष उंचीवर गेल्यावर शंकरप्पांनी समाधानाने खाली पाहिलं आणि जरा आरामात बसावं म्हणून पाय उचलले. पायाचा भार जाताच चौकट सैल झाली, खोडावरून घसरत गेली आणि बुंध्याशी आडवी पडली.

शंकरप्पा खुर्चीत राहिले. हलकी असली तरी खुर्ची मजबूत होती, ती हलली नाही. प्रश्न फक्त उतरण्याचा होता.

तेवढ्यात खाली ठेवलेल्या सदऱ्यातला मोबाईल वाजला. भीमाशंकर होता. खुर्ची कशी काय वाटली, असं विचारत होता.

"बसले हाईत," चांगुणाबाईंनी सांगितलं. "कवाचे बसलेच हाईत."

सगळं ऐकून घेतल्यावर, चौकट पडू नये म्हणून ती खुर्चीला बांधायची दोरी कुठे आहे, असं त्याने विचारलं. वासराला, असं चांगुणाबाईंनी सांगितलं. मग शिडी आणा, म्हणून त्याने फोन ठेवला. शिवारात शिडी एकच होती, मन्मथच्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात.

बाईंना जावं लागलं नाही. मन्मथ बाजारातून लवकर परतला होता. तो बांधावर आला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि चांगुणाबाईंकडे वळला.

"वैनी, त्यांना इचारा, माझ्या झाडावर काय करून राहिले?"

शंकरप्पांना वरून प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं. तरी बाईंनी मान वर करून ते पुन्हा सांगितलं, कारण रीत तशी होती.

"त्याला सांग," शंकरप्पा म्हणाले, "मी माझ्या झाडावर बसलोय."

हे ऐकून मन्मथने शांतपणे मांडणी केली. झाड त्यांचं असेल तर आपला त्यात काही संबंध नाही. दुसऱ्याच्या मालकीत आपण शिडी लावणं बरं दिसत नाही. झाड आपलं असेल तर मात्र आपल्या झाडावर अडकलेल्या माणसाला उतरवणं आपलं कामच आहे. त्याने हे चांगुणाबाईंना सांगितलं आणि बांधावर बसून पायातला काटा काढू लागला.

 शंकरप्पांचे पाय बधिर झाले होते. लाल मुंग्यांची एक रांग त्यांच्या धोतरापाशी येऊन थांबली होती आणि पुढच्या वाटेचा अंदाज घेत होती.

"त्याला सांग," ते हळूच म्हणाले, "झाड त्याचं हाय."

मन्मथने लगेच शिडी आणली. स्वतः वर जाऊन भावाचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवला आणि त्यांना जमिनीवर आणलं. शंकरप्पा बांधावर बसून गुडघा चोळू लागले. तीन वर्षं सांभाळलेलं झाड गेलं होतं.

वर राहिलेली खुर्ची काढायला मन्मथच पुन्हा चढला. पट्टा सोडण्याआधी, बसून तर बघावं, असं त्याला वाटलं असावं. तो शिडीवरून खुर्चीत सरकला. सरकताना त्याचा पाय शिडीला लागला. शिडी सावकाश कलली आणि मक्यात पडली.

शिडी शंकरप्पांच्या बाजूला पडली होती. त्यांनी ती पाहिली. गुडघा चोळणं चालूच ठेवलं.

"त्याला इचार," ते चांगुणाबाईंना म्हणाले, "झाड कुणाचं?"

 मुंग्यांचा अंदाज एव्हाना पक्का झाला होता.

"अण्णा," मन्मथ म्हणाला. मधे बाई नव्हती, थेट हाक होती. "दोघांचं हाय."

शंकरप्पा उठले आणि लंगडत शिडी आणून लावली. चांगुणाबाई निंदणं अर्धवट टाकून घराकडे निघाल्या. दोघांचा स्वयंपाक करायचा होता. त्या दिवशी मन्मथ पाटावर भावाशेजारी बसून जेवला. खुर्ची झाडावरच राहिली, कारण ती काढायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. गप्पा इतक्या साठल्या होत्या, की राखणीला जायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सकाळी दोघं भाऊ बरोबरच शेतात गेले. डुकरं येऊन गेली होती. बांधाच्या अलीकडे बराच मका लोळवलेला होता. पलीकडेही तेवढाच. मन्मथ दोन्हीकडे फिरून आला.

"वाटणी बराबर केली," तो म्हणाला.

शंकरप्पांनी मान डोलावली. पंचांना हे जमलं नव्हतं.