गोंदूभाऊंचा बर्फ

आमच्या शेजारचे गोंदूभाऊ बर्फासाठी लोकांच्या गाद्या फाडत. लोकांच्या म्हणजे माझ्या. आणि चोरूनबिरून नव्हे. भरदुपारी, आमच्याच ओट्यावर बसून, माझ्या मायने त्यांच्या हातात दिलेल्या विळ्याने. लग्नात सासऱ्यांनी दिलेली गादी होती ती. मी दुकानातून जेवायला घरी आलो, तर गादी ओट्यावर उताणी पडलेली, पोट फाडलेलं, आणि गोंदूभाऊ तिच्यातून मूठ-मूठ कापूस काढून टोपलीत भरताहेत.

माझं डोकंच फिरलं. "गोंदूभाऊ, काय करून राह्यले तुमी हे?"

"बर्फ काढून राह्यलो."

"माही गादी हाये ते!"

"तुह्या गादीतला कापूस चांगला पिंजेल हाये. उशीत सरकी निंघाली. बर्फात सरकी असते काय बे? डोस्कं हाये का खोकं?"

म्हणजे उशीही गेली होती.

हे "डोस्कं हाये का खोकं" शेगावात त्यांनी कोणाला ऐकवलं नाही? उशिरा येणाऱ्या गाडीला ऐकवलं, त्या गाडीपायी स्टेशनमास्तरला ऐकवलं, बाजारात वांगी दाबून पाहणाऱ्या बायांना ऐकवलं. रुळांपलीकडे त्यांचा भाजीचा मळा होता. गिऱ्हाइकाने भाव केला की त्यांना राग यायचा आणि नाही केला तरी यायचा. "भाव न करता घेऊन राह्यला, मंग ह्यानं काय पाह्यलं माह्या वांग्यात?" जरा मनाविरुद्ध झालं की "नागपूरले लाटसाहेबाले अर्ज करतो!" अशी धमकी. लाटसाहेबाचं नशीब थोर. अर्ज लिहून होईपर्यंत एक राग टिकवणं गोंदूभाऊंना जमत नसे. तोवर दुसरा आलेला असायचा.

दिवेलागणीला ते ओट्यावर बसून मासिकातल्या भुताच्या गोष्टी मोठ्याने वाचत आणि भुतांवरही चिडत. "पाय उलटे हायेत म्हन्ते, अन् मानसाच्या मांगं पळते म्हन्ते. तू पळून दाखव बे उलटे पाय घेऊन!" हे मला. मी हसलो की मासिक माझ्या अंगावर यायचं.

घरात माणसं दोनच. गोंदूभाऊ, आणि त्यांच्या धाकट्या भावाची, सुखदेवची, बायको अनसूया. गोंदूभाऊंची स्वतःची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. आता आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि बाजूला होते. काही सांगायचं तर मधे तिसरं माणूस लागतं. या घरात तिसरी होती म्हैस. गोंदूभाऊ अंगणात उभे राहून म्हशीवर ओरडायचे, "काऊन वं, आज भाकर भेटन का उपाशी मारतं?" आतून अनसूया म्हशीलाच उत्तर द्यायची, "सांग वं त्यायले, पाट मांडला हाये." म्हैस बिचारी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची.

सुखदेव सरकारच्या लढाईत गेला होता, दूर पूर्वेच्या सरहद्दीवर, विमानावर फिटर म्हणून. रजेवर आला तेव्हा त्याने ओट्यावर बसून आम्हाला विमान समजावून सांगितलं. गोंदूभाऊंनी अर्धं ऐकलं आणि अर्ध्यासाठी भांडले. तिकडच्या बर्फाच्या डोंगरांत एक पांढरं भूत आहे, ते माणसाच्या मागे लागतं, असं छावणीतले शिपाई म्हणतात, हेही त्यानेच हसत सांगितलं. मग तो गेला. सामान नेणारं एक विमान त्या डोंगरांवरून जाताना पलीकडे पोचलंच नाही. त्यात सुखदेव होता. तार आली: बेपत्ता.

लढाई संपली. जे यायचे ते आले. सुखदेव आला नाही, आणि मेला असंही कोणी सांगेना. अनसूया रोज सकाळी कुंकू लावत राहिली, आणि आमच्या आबामामाच्या डोळ्यांत ते कुंकू खुपायला लागलं.

आबामामा म्हणजे माझ्या मायचा थोरला भाऊ. कोणाच्या घरी कोणता विधी करायचा, हे त्या घरच्यांच्या आधी ठरवून मोकळा होणारा माणूस. हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करून तो जाळायचा, ही आपली रीत. मामाला बाराचाही धीर नव्हता. "लढाईत गेलेला मानूस तो, बारा वर्सं कायले? पुतळा करा, जाळा, पोरीच्या बांगड्या फोडा, अन् मोकळे व्हा." हे तो गोंदूभाऊंच्या ओट्यावर, त्यांचाच चहा पीत म्हणाला. गोंदूभाऊंनी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि उरलेला चहा अंगणात फेकला.

"पुतळा पायजे ना तुमाले? करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमान करायला घेतलं.

माप होतं "हाताले बोट". खऱ्या विमानाच्या एका हाताला यांच्या विमानाचं एक बोट. सुखदेवने सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं, भांडून ऐकलेलंसुद्धा. सांगाडा पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांचा, वर पतंगाचा कागद बाभळीच्या डिंकाने चिकटवलेला, पंखा घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून. मी एकदा म्हटलं, शेपूट जरा आखूड वाटते. "तू बसला होता काय त्याच्यात?" म्हणाले, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. विमान एका लांब फळीच्या टोकाला, नाक माझ्या गादीतल्या बर्फात खुपसून बसवलं. एक पंख मोडलेला हवा होता. तो पंख त्यांनी आधी दुसऱ्यासारखाच सुबक केला, आणि मग मोडला. मोडताना तोंड फिरवून घेतलं. मी पाहिलं ते.

विमानापुढे बाभळीच्या लाकडाचा एक माणूस. माणूस साडेतीन हातांचा, म्हणून हा साडेतीन बोटांचा. अंगात खाकी चिंधी, खांद्यावर घोंगडीचा तुकडा, चालत निघालेला. आणि त्याच्या मागे भूत. काय ते भूत! घोड्याच्या शेपटीचे केस, बकरीची शिंगं, काकडीच्या बियांचे दात, गुंजेचे लालभडक डोळे. बर्फात दाभणाने उमटवलेली पावलं, माणसाची सुलटी, भुताची उलटी. आमच्या हिने ते पाहिलं आणि पुढे कितीतरी दिवस मला परसदारी सोबत न्यायला लागली. गादी माझी, आणि पहाराही मीच द्यायचा!

आता बर्फाचं सांगतो. आम्हा शेगावकरांना बर्फ माहीत तो सोडावॉटरवाल्याचा, स्टेशनावर उतरणारा, भुशात पुरलेली लादी. माझ्या मायने उभ्या जन्मात भुशाशिवाय बर्फ पाहिला नव्हता. गोंदूभाऊंनी एवढं मरमर करून केलेला बर्फ असा उघडा पडलेला पाहून तिचा जीव कळवळला. ते मळ्यात गेलेले पाहून तिने सुताराकडून सूपभर भुसा आणला आणि त्या अख्ख्या डोंगरावर मायेने पसरला. "उघडा बर्फ राह्यते काय कुठी?" मला म्हणाली. "आता कसा खरा दिसते."

गोंदूभाऊ आले. त्यांचे राग मी पुष्कळ पाहिले होते, हा नव्हता पाहिला. कपाळाची शीर तटतटली. "भुसा! अवं बाई, भुशानं बर्फ टिकते! मले टिकवाचा हाये काय तो? इरघळला पायजे तो! इरघळला पायजे!" एवढं ओरडले आणि फळीजवळ मटकन बसले. कापसातून भुशाचा एकेक कण चिमटीने वेचायला लागले. पदर खोचून मायही शेजारी बसली आणि वेचायला लागली. माझा गादीवरचा राग त्या दिवशी निम्मा उतरला. निम्मा ठेवला. शेवटी सासऱ्यांची गादी होती.

भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. सवाष्णीचा पहिला पाट दरसाल अनसूयेचा. त्या वर्षी नैवेद्याच्या सकाळीच मामा येऊन ठाकला. "ते पोरगी पाटावर बसली तं मी या घरचं पानी पेनार नाई."

"नका पिऊ," मी म्हणालो. "आंबील प्या."

पण मायचा धीर होईना. थोरला भाऊ, वर देवीचा सण. मला पुढचं सगळं दिसत होतं. आमच्या घरचा पाट गेला की गावात कोणी अनसूयेला बोलावणार नव्हतं. मग कुंकू पुसायला कोणाला यावंही लागलं नसतं.

हे गोंदूभाऊंना कोणी सांगितलं कोण जाणे. म्हशीनेच सांगितलं असणार. आरती संपत आली होती, तेवढ्यात दार पायाने ढकलून ते आत आले, डोक्यावर ती फळी. मागे दाराआड अनसूया, पदर पार नाकापर्यंत. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, खाली दोघी महालक्ष्म्या शालू नेसून उभ्या, आणि त्यांच्या पुढ्यात, लाडवांची ताटं सरकवून, गोंदूभाऊंनी आपला बर्फ मांडला. बाया किंचाळल्या. एकीच्या हातातलं निरांजन पडलं.

"देवीपुढं भूत?" मामा गरजला. "पुतळा जाळाचा सांगतला तं हे खेळनं करून आनलं?"

"डोस्कं हाये का खोकं, आबाजी? मले एवढं सांगा. भूत कोनाच्या मांगं लागते? जित्याच्या का मेल्याच्या?"

"जित्याच्या. पन..."

"पन-गिन नाई! मढ्याच्या मांगं भूत पळालं, असं ऐकलं काय कोनी कधी? हे माह्या सुखदेवच्या मांगं लागेल हाये. म्हंजे तो जिता हाये. चालून राह्यला तो. तुमाले पुतळा पायजे होता ना? म्या करेल पुतळा हाच हाये. घ्या. जाळा!" आणि त्यांनी खिशातली काड्यापेटी मामाच्या हातात कोंबली.

नुसता कापूस, कागद आणि पऱ्हाटी. एक काडी लागली असती. मामाने पेटी उघडली, काडीही काढली. त्याची नजर त्या घोंगडी पांघरलेल्या साडेतीन बोटांच्या माणसावर गेली आणि तिथेच राहिली. मग त्याने काडी परत पेटीत घातली आणि पेटी देवीपुढे ठेवून दिली.

माय उठली. कुंकवाचा करंडा घेतला, दाराआडून अनसूयेला हाताला धरून आणलं, कपाळभर कुंकू लावलं आणि पहिल्या पाटावर बसवलं. मामाही जेवला. पाणी तर प्यालाच, आंबीलही मागून मागून घेतली. मला इतका राग आला, पण वाढणारा मीच होतो.

महालक्ष्म्या उठल्या, फळी परत गोंदूभाऊंच्या ओसरीत गेली. आणि मग माझ्या ध्यानात आलं की तो माणूस हलतोय. विमानाजवळ होता तो फळीच्या मध्यावर आला होता, मागे नवीन पावलं. मी गोंदूभाऊंना विचारलं, तुम्ही सरकवता का?

"मी कायले सरकवू? त्याले पाय नाईत काय?"

एका सकाळी कुंपणापलीकडून मला दिसलं. अनसूया सडा टाकून झाल्यावर फळीशी आली. तिने त्या माणसाला गव्हाएवढं पुढे सरकवलं, दाभणाने एक पाऊल उमटवलं आणि आत गेली. जरा वेळाने गोंदूभाऊ बाहेर आले, फळीकडे पाहिलं, भुताला शिंगाने धरलं आणि तेवढंच मागे ओढलं. मग मळ्यात जायला निघाले. या एका गोष्टीत त्यांनी म्हशीलाही मधे घेतलं नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा तो माणूस फळीच्या काठावर पोचला. त्या सकाळी गोंदूभाऊ मळ्यात गेले नाहीत. भाजीच्या पाट्या तशाच, आणि ते फळीपुढे उभे. आतून अनसूयेचा आवाज आला. म्हशीला उद्देशून नव्हे, कोणालाच नव्हे.

"फळी सरली."

गोंदूभाऊंना राग आला नाही. त्यांना राग न आलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो, आणि मी घाबरलो. खांदे पडले होते, हात नुसते लोंबत होते. मग राग मला आला. त्या दीडदमडीच्या फळीचा आला, त्या डोंगरांचा, लढाईचा, सुखदेवचा, आणि इतकी वर्षं गावाला शिव्या देऊन ऐन वेळी गप्प उभ्या राहिलेल्या या माणसाचा. तसाच घरात गेलो. नुकतीच भरून आणलेली नवी गादी फरफटत ओट्यावर आणली आणि विळ्याने टराटरा फाडली.

"गोंदूभाऊ, डोस्कं हाये का खोकं? मानूस चालून राह्यला अन् तुमी पाहत काय राह्यले? दुसरी फळी आना!"

ते वळले. माझ्याकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. डोळे भरले होते, ते त्यांनी बाहीने पुसले. मग ओट्याशी आले, वाकून चिमूटभर कापूस उचलला आणि बोटांत चोळून पाहिला.

"सरकी तं नाई ना बे ह्याच्यात?"